न्हाणीघराची काळी भिंत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



जमीन, पाणी, मजुरी आणि हमीभाव या प्रश्नांवर अभ्यासवर्ग घेण्याची सवय असलेल्या कार्यकर्त्यांपुढे न्हाणीघरातील बुरशी हा विषय मांडला जावा, याचे काहींना आश्चर्य वाटेल, काहींना हसूही येईल. हा गृहिणींच्या मासिकाचा विषय आहे, पक्षाच्या व्यासपीठाचा नव्हे, असेही कोणी म्हणेल. या आक्षेपातच विषयाचे अर्धे उत्तर आहे. ती भिंत घासणारी व्यक्ती जवळजवळ प्रत्येक घरात स्त्री असते, किंवा दुसऱ्याच्या घरी धुण्याभांड्याला जाणारी मोलकरीण असते. आणि जे काम पुरुषाच्या वाट्याला येत नाही त्याला राजकीय प्रश्न मानण्याची आपल्या चळवळींना फारशी सवय नाही. फ्रेडरिक एंगल्सने १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लेखमाला लिहिली, तेव्हा कामगारांच्या अंधाऱ्या, कोंदट वस्त्या हा त्याच्या दृष्टीने काही किरकोळ विषय नव्हता. दीडशे वर्षे लोटली, घरे सिमेंटची झाली, तरी ओल काही हटलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. परभणी जिल्हा हा कोकण नव्हे. इथे पाऊस सरासरी नऊशे मिलिमीटरांच्या आसपास, तोही चार महिन्यांत. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस अंशांवर जातो आणि दुपारच्या हवेत ओलावा औषधालाही सापडत नाही. रत्नागिरीला किंवा मुंबईला भिंती काळ्या पडाव्यात हे समजते. गंगाखेडला, सेलूला, जिंतूरला का पडाव्यात?

याचे उत्तर या जिल्ह्याच्या ऋतुचक्रात आहे. पावसाळ्यात सकाळची सापेक्ष आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या पुढे जाते आणि श्रावण-भाद्रपदात आठवडेच्या आठवडे तिथेच राहते. या काळात ओली भिंत वाळण्यासाठी जी कोरडी हवा लागते, ती बाहेरही नसते. दुसरा हंगाम थंडीचा, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. परभणीची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. काही वर्षी डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान पाच अंशांच्या खाली उतरते. अशा पहाटे कढत पाण्याने अंघोळ होते. तीस अंशांच्या हवेच्या एका घनमीटरात सुमारे तीस ग्रॅम वाफ मावते, दहा अंशांच्या हवेत जेमतेम साडेनऊ ग्रॅम. बंद खोलीतली गरम वाफ गार भिंतीला आणि छताला लागली की उरलेले वीस ग्रॅम पाणी होऊन तिथेच बसते. घरात सहा माणसे असली तर सहा वेळा बसते. मग येतो उन्हाळा. सगळे वाळते, काळे डाग फिके पडतात, काही ठिकाणी झडूनही जातात, आणि घरच्यांना वाटते की गेली एकदाची. आषाढ सरला की नेमक्या त्याच कोपऱ्यात, त्याच सांध्यात, त्याच आकाराचा डाग उमटतो. पुनःपुन्हा येणारी बुरशी म्हणतात ती हीच. तिचे बीजाणू कधी गेलेलेच नसतात. ते हवेत सर्वत्र असतात, आणि त्यांना हाकलून देणे कोणालाही शक्य नाही. त्यांना मिळणारे पाणी तोडणे तेवढे माणसाच्या हातात आहे.

शेतकऱ्यांच्या या जिल्ह्यात बुरशीचा स्वभाव फार समजावून सांगावा लागू नये. खरिपाची ज्वारी कणसात भरत असताना किंवा पक्व होत असताना पाऊस लागला की दाणा काळा पडतो. बाजारात त्याला भाव मिळत नाही, सरकारी खरेदीच्या काट्यावर तो नाकारला जातो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने यासाठीच दाण्यावरच्या बुरशीला दाद न देणारे ‘परभणी श्वेता’सारखे वाण काढले. आभाळाच्या पावसावर उपाय नसल्यामुळे तिथे वाण बदलावे लागले. न्हाणीघरातला पाऊस मात्र माणसाने पाडलेला असतो, तेव्हा तिथे उपाय आहे. फरशीला, सिमेंटला बुरशी खात नाही. तिचे अन्न म्हणजे साबणाचा चिकट थर, अंगाचा मळ, डोक्याचे तेल, उटणे, आणि अलीकडच्या रंगांमधला सेंद्रिय भाग. अन्न, थोडी ऊब आणि एकसारखी ओल एवढे मिळाले की तिला दुसरे काही नको. यांपैकी अन्न पूर्ण तोडता येत नाही, ऊब तर मराठवाड्यात कायमचीच. राहते ती ओल.

आता ही ओल इतकी का वाढली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरात न्हाणी बहुधा अंगणाच्या किंवा परसाच्या कडेला असे. खाली दगड, एका बाजूला पाणी तापवायची चूल किंवा तांब्याचा बंब, वर बहुतेक वेळा मोकळे आभाळ, आणि सांडपाणी थेट परसातल्या आळूला किंवा केळीला. अशा न्हाणीत बुरशीला जागा नव्हती. वारा होता, ऊन होते, चुलीची धग होती. भिंतींना चुना होता, आणि तो दर वर्षी नव्याने लागत असे. दसरा काढण्याची चाल या भागातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे: नवरात्राच्या आधी घरातले अंथरूण-पांघरूण, भांडे-कुंडे बाहेर निघते, धुतले जाते, भिंती सारवल्या वा पांढऱ्या केल्या जातात. धार्मिक अर्थ काहीही असो, पावसाळ्याची ओल आश्विनाच्या उन्हात संपवण्याची ती एक उत्तम सार्वजनिक व्यवस्था होती. ताज्या चुन्याच्या निवळीची अल्कता साडेबाराच्या जवळ असते. तिच्यात बुरशी तग धरत नाही. हवेतल्या कर्बवायूमुळे चुना हळूहळू निष्प्रभ होतो, म्हणूनच तो दर वर्षी द्यावा लागतो.

परंतु जुन्याचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्या मोकळ्या न्हाणीची किंमत बायका मोजत होत्या. पुरुष विहिरीवर, आडावर, नदीवर उघड्यावर अंघोळ करीत. बायकांना पहाटेच्या अंधारात, लुगड्याच्या किंवा पोत्याच्या आडोशाला, घाईघाईने, कित्येकदा अंगावरच्या कपड्यांसकट अंघोळ उरकावी लागे. मासिक पाळीच्या दिवसांत तर विचारायलाच नको. ज्यांना अंगण नव्हते, त्या गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत तोही आडोसा नव्हता. चार भिंतींचे, कडी लागणारे न्हाणीघर ही स्त्रियांच्या प्रतिष्ठेची मागणी होती आणि ती पूर्ण होणे हा एक सामाजिक लाभ आहे. तेव्हा जुन्या न्हाणीकडे परत जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तक्रार आहे ती वेगळी. आडोसा देताना बांधणाऱ्यांनी हवा काढून घेतली. जागा वाचवायची म्हणून न्हाणीघर जिन्याखाली गेले, दोन खोल्यांच्या मध्ये गेले, शेजारच्या भिंतीला चिकटले. चार बाय चारच्या त्या खोलीला वरच्या कोपऱ्यात वीतभर झरोका ठेवला, आणि शेजारच्याने आपली भिंत चढवली तेव्हा तोही बुजला. न्हाणीघराची निदान एक भिंत बाहेरच्या हवेकडे उघडणारी असावी, ते शक्य नसेल तर हवेसाठी स्वतंत्र पोकळी असावी, अशी राष्ट्रीय बांधकाम संहितेची अपेक्षा आहे. नकाशावर ती पूर्ण झालेली दिसते.

(जाता जाता एक गंमत. सांडपाण्याच्या तोंडाशी बसवायच्या जाळीदार भांड्याला नळकाम करणारे आणि अभियंते ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपली न्हाणी देशभरातल्या इंग्रजी अंदाजपत्रकांत जाऊन बसली. झरोक्याला मात्र तो मान मिळाला नाही.)

हवेच्या जोडीला पाण्याचे राजकारण येते, आणि इथे हा प्रश्न खास मराठवाड्याचा होतो. या विभागातल्या बहुतेक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांच्या, टंचाईत तर कित्येक दिवसांच्या अंतराने येते. एप्रिल २०१६मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे उभ्या देशाने पाहिले. उशाला गोदावरी, पूर्णा, दुधना, येलदरीचे धरण आणि जायकवाडीचा कालवा असूनही परभणी जिल्ह्यातील कुटुंबांची ही चिंता सुटलेली नाही. नळ रोज येत नसेल तर पाणी साठवणे भाग आहे. आणि छोट्या घरात ते साठवायची जागा कोणती? न्हाणीघरच. तिथे सिमेंटचा हौद असतो, दोनशे लिटरचे पिंप असते, घागरी असतात, बादल्या असतात. आठ दिवस उघडे पाणी, ओली जमीन आणि बंद दार. म्हणजे टंचाईग्रस्त भागातले न्हाणीघर हे टंचाईमुळेच कायमचे ओले राहते. ज्या घरात रोज पुरेशा दाबाने पाणी येते, तिथे हौद लागत नाही, खोली दुपारपर्यंत वाळते. ‘पाणी जपून वापरा’ असे सांगणाऱ्यांना हा दुवा दिसत नाही.

जमिनीचाही यात वाटा आहे. काळ्या कसदार मातीचा शेतीत जो अभिमान, तोच बांधकामात ताप. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. पाया पुरेसा खोल आणि मुरमाच्या भरावाचा नसेल तर जोते हलते, फरशीचे सांधे सुटतात, जमिनीतली नळी निखळते आणि कोणाला न दिसता झिरपत राहते. जोत्यावर ओल रोखणारा थर घातलेला नसेल तर जमिनीतले पाणी विटांतून केशाकर्षणाने वर चढते. कंदिलाच्या वातीत तेल चढते तसे. भिंतीच्या खालच्या हात-दोन हातांत गिलावा फुगलेला, पापुद्रे सुटलेला आणि मिठासारखा पांढरा क्षार फुललेला दिसला, तर ती जमिनीची ओल समजावी.

म्हणून उपाय विचारणाऱ्याने आधी ओल कुठली आहे ते ओळखले पाहिजे. बहुतेक पैसा आणि श्रम वाया जातात ते इथे. वरच्या कोपऱ्यांत आणि छतावर विखुरलेले बारीक काळे ठिपके वाफेचे असतात. एकाच जागी, नळाच्या मागे किंवा वरच्या मजल्याच्या न्हाणीखाली पसरत जाणारा, कडांना पिवळसर डाग गळतीचा असतो. खालून वर चढलेला पट्टा जमिनीचा. शंका असेल तर एक साधी परीक्षा करता येते. भिंतीचा भाग कोरडा पुसून त्यावर हातभर पॉलिथिन चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करावे आणि दोन दिवस ठेवावे. कागदाच्या आत, भिंतीकडच्या बाजूला पाणी जमले तर ओल भिंतीतून येते आहे; बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतल्या हवेतून. पहिल्या प्रकारात घरच्यांनी कितीही घासले तरी भिंत कोरडी होणार नाही. तिथे नळी, कोबा किंवा जोतेच दुरुस्त करावे लागेल. दुसऱ्यात घरच्यांच्या हातात बरेच काही आहे.

ते बरेच काही असे. अंघोळी संपल्या की जमिनीवरचे आणि भिंतीचे पाणी रबरी पट्टीने ओढून काढावे. दोन मिनिटांचे काम आहे आणि याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. घरातल्या पुरुषांनी शेवटची अंघोळ करावी आणि ते काम आपल्याकडे घ्यावे, ही सूचना या वर्गाला रुचेल अशी आशा आहे. हौदाला, पिंपाला घट्ट झाकण असावे. ओले कपडे तिथे वाळत घालू नयेत. हवा बाहेर फेकणारा पंखा बसवता आला तर अंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावा. पण दाराखाली हवा आत यायला फट नसेल तर तो नुसता आवाज करतो. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असल्याने पंख्याने सगळे काम होत नाही; म्हणूनच आधी पाणी ओढून काढायचे. कोबा उतरता नसेल, मोरीकडे पाणी वाहण्याऐवजी कोपऱ्यात साचत असेल तर तो उतार दुरुस्त करणे हे रंगापेक्षा आधीचे काम. वाळलेल्या भिंतीला तैलरंगाऐवजी चुना द्यावा. पूर्वी चुन्यात थोडे मोरचूद घालीत. मोसंबीच्या खोडाला बोर्डो मलम लावणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही, कारण १८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्दे याने द्राक्षांवरच्या रोगासाठी सांगितलेले चुना-मोरचुदाचे मिश्रणच ते. मोरचूद विषारी असल्याने ते पिण्याच्या पाण्याच्या हौदाजवळ आणि मुलांच्या हाताला येईल असे वापरू नये. तांबूस-गुलाबी बुळबुळीत थर दिसतो तो तर बुरशी नव्हेच, जिवाणू आहेत. साबण आणि घासणी त्याला पुरे.

आता जे करू नये ते. फरशी धुण्याचे ॲसिड बाजारात बाटलीने मिळते आणि काळे डाग घालवायला सर्रास वापरले जाते. ते मीठाम्ल आहे. डाग जातो खरा, परंतु त्याबरोबर सांध्यांतले सिमेंटही खाल्ले जाते. आणि मराठवाड्यात जमिनीला शहाबादी फरशी असते, ती तर मुळात चुनखडीचा दगड. तिचा वरचा गुळगुळीत थर गेला की दगड खरबरीत होतो, मळ आणि पाणी धरून ठेवतो, आणि पुढच्या पावसाळ्यात बुरशी दुप्पट येते. मग पुन्हा ॲसिड. याहून गंभीर गोष्ट म्हणजे ॲसिडच्या जोडीला ब्लीचिंग पावडर वापरण्याची सवय. ग्रामपंचायतीत पाणी शुद्ध करायला येणारी टीसीएल ती हीच. या दोहोंचा संयोग झाला की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्र येथे जर्मन सैन्याने फ्रेंच फळीवर जो सोडला, तोच हा वायू. चार बाय चारच्या, झरोका बुजलेल्या खोलीत, वाकून फरशी घासणाऱ्या बाईच्या नाकाशी तो सुटतो. ‘ठसका लागला’, ‘डोळे झोंबले’ एवढ्यावर ती गोष्ट संपते, नोंद कुठेच होत नाही. ही दोन रसायने कधीही एकत्र करू नयेत, एकानंतर लगेच दुसरे वापरू नये, हे प्रत्येक वस्तीत सांगितले गेले पाहिजे. नुसत्या ब्लीचिंगनेही डागाचा रंग तेवढा जातो. गिलाव्याच्या आत शिरलेली बुरशी तशीच राहते. डागावर रंग मारणे हा तर भाडेकरू बदलताना घरमालक करतात तो प्रकार. तीन महिन्यांत रंग फुगतो.

प्रकृतीवरील परिणामांबद्दल भीती आणि बेफिकिरी दोन्ही आढळतात. २०२१च्या मे महिन्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेबरोबर म्युकरमायकोसिस आला. महाराष्ट्रात त्याचे रुग्ण फार होते, मराठवाड्यातही कुटुंबे उद्ध्वस्त झाली. लोक त्याला ‘काळी बुरशी’ म्हणू लागले. मग कांद्यावरचा काळा थर, शीतकपाटाच्या रबरावरचे काळे डाग, न्हाणीघराची भिंत, सगळ्यांची धास्ती पसरली. ती अनाठायी होती. त्या रोगाची बुरशी वेगळ्या कुळातली. काळा असतो तो मेलेल्या ऊतींचा रंग, आणि तिचा घाला मुख्यतः अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडच्या अतिरेकामुळे प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णांवर पडला. भिंतीवरच्या बुरशीने डोळा जात नाही. पण ती निरुपद्रवीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक पुस्तिका काढली; ओलसर, बुरशी असलेल्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा बळावण्याचा धोका अधिक असतो, हा तिचा निष्कर्ष आहे. याचा भार बालके, म्हातारी माणसे आणि दमेकरी यांच्यावर पडतो.

तो किती पडू शकतो, याचे उदाहरण इंग्लंडमधले आहे. रॉचडेल या गावी एका गृहसंस्थेच्या सदनिकेत सुदानहून आलेले एक कुटुंब राहत होते. घरात, विशेषतः स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात, बुरशी होती. २०१७ साली वडिलांनी तक्रार केली. त्यांना सांगण्यात आले की वरून रंग मारा. तक्रारी होत राहिल्या, दुरुस्ती झाली नाही. २१ डिसेंबर २०२० रोजी त्यांचा दोन वर्षांचा मुलगा अवाब इशाक मरण पावला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने नोव्हेंबर २०२२मध्ये निर्णय दिला की घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे त्याच्या श्वसनसंस्थेचा जो विकार बळावला, त्याने हा मृत्यू झाला. सदनिकेत हवा खेळण्याची व्यवस्था अपुरी होती. या प्रकरणात कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी अशी एक बाब आहे. संस्थेच्या माणसांनी ओलीचा दोष कुटुंबाच्या राहणीवर टाकला होता. ही माणसे बादलीने, विधीप्रमाणे अंघोळ करतात म्हणून पाणी सांडते, असा त्यांचा समज होता. पुढे संस्थेला कबूल करावे लागले की राहणीबद्दल धरलेली ही गृहीते चुकीची होती.

बादलीने अंघोळ! परभणी जिल्ह्यातला कोण माणूस दुसरी कशी करतो? बांधणाऱ्याचा दोष राहणाऱ्याच्या सवयीवर ढकलण्याची ही रीत इंग्लंडपुरती नाही. घरकुलाच्या भिंतीला ओल आली की ‘या लोकांना राहायचीच सवय नाही’ हे वाक्य आपल्याकडच्या कचेऱ्यांतही ऐकू येते, आणि ते कोणत्या जातींविषयी उच्चारले जाते हे सांगायला नको. अवाबच्या मृत्यूनंतर तिथे लोकमत खवळले, २०२३च्या कायद्यात त्याच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद आली आणि २७ ऑक्टोबर २०२५पासून तिचा पहिला टप्पा लागू झाला. सामाजिक गृहसंस्थांच्या घरांत तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत कारवाई, गंभीर ओल-बुरशीची तक्रार आली तर दहा कामाच्या दिवसांत तपासणी, असे बंधन मालकावर आले.

आपल्याकडे असे बंधन नाही. मुंबईत गोवंडी-मानखुर्दकडील लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड यांसारख्या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या केल्या की खालच्या मजल्यांना ऊन आणि वारा दोन्ही दुर्मीळ झाले. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि मुंबईच्या आयआयटीतील अभ्यासकांनी केलेली, २०१८ साली पुढे आलेली पाहणी तिथल्या क्षयरोगाचा संबंध या बांधणीशी जोडते. क्षयाचे जंतू वेगळे, बुरशी वेगळी. परंतु अंधार आणि कोंडलेली हवा ही दोघांचीही मैत्रीण. झोपडीतून पक्क्या घरात नेले, म्हणजे पुनर्वसन झाले, असे मानणाऱ्या राज्यव्यवस्थेने झरोक्याचा हिशेबच केला नाही.

तरीही हातात काहीच नाही असे नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा जिथे लागू आहे, तिथे कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. त्याने ते टाळले तर भाडेकरूने निदान पंधरा दिवसांची लेखी नोटीस टपालाने द्यावी. तरीही दुरुस्ती झाली नाही तर ती स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करता येतो, मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा अधिक नाही. गळणारी नळी, फुटलेला कोबा, सुटलेले सांधे बदलण्यास ही रक्कम बहुधा पुरते. परभणीत कृषी विद्यापीठामुळे आणि महाविद्यालयांमुळे खोल्या घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या, ‘नसेल परवडत तर खोली सोडा’ हे ऐकून घेणाऱ्या या मुलांना हे कलम कोणी सांगितलेले नसते. अर्थात नोटीस दिलेल्या भाडेकरूला पुढच्या जूनमध्ये बाहेर काढले जाते, हा अनुभवही खोटा नाही. म्हणून एकट्याने नोटीस देण्यापेक्षा एका वाड्यातल्या, एका इमारतीतल्या सर्वांनी मिळून ती द्यावी.

घरकुलांच्या बाबतीत वेळेला महत्त्व आहे. चौथरा झाल्यावर ओल रोखणारा थर घातला का, न्हाणीला बाहेरच्या भिंतीत झरोका ठेवला का, हे हप्ता सुटण्यापूर्वी पाहणारा कोणी असला पाहिजे. छत पडल्यावर बोलून उपयोग नाही. ग्रामसभेत हा प्रश्न विचारायला स्थापत्यशास्त्राची पदवी लागत नाही. शासकीय वसतिगृहे आणि आश्रमशाळा यांची न्हाणीघरे कार्यकर्त्यांनी भाद्रपदात पाहावीत, उन्हाळ्यात नव्हे. मे महिन्यात तपासणीला गेलेल्या अधिकाऱ्याला प्रत्येक भिंत कोरडीच दिसते आणि अहवाल तसाच लिहिला जातो.

राहता राहिली दुसऱ्यांची न्हाणीघरे धुणारी बाई. घरेलू कामगारांसाठी राज्याने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला. नोंदणीसाठी खेटे घालणाऱ्या बायकांना त्याचा किती लाभ झाला, हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे. इथे मागणी लहान आहे. ॲसिडची बाटली तिच्या हातात देऊ नये. साबण, घासणी, सोडा आणि रबरी हातमोजे द्यावेत, हातमोज्यांचे पैसे तिच्या पगारातून कापू नयेत, आणि ती आत काम करीत असताना दार उघडे ठेवावे. पक्षाच्या सभासदांपैकी ज्यांच्या घरी अशी बाई कामाला येते, त्यांनी याची सुरुवात आपल्या न्हाणीघरापासून करावी आणि पुढच्या बैठकीत तसे सांगावे.